नेमणुकांची वही : आज्ञावलींच्या कारभाराचा थोडा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजवंशांच्या याद्या एवढेंच बहुधा डोळ्यांसमोर येतें. परंतु जुनीं दप्तरें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, त्या कागदांत तलवारीपेक्षां नेमणुकीचीच भाषा अधिक आढळते. अमुक गांवचें कुळकर्ण कोणाचें, सुतारकी कोणाची, बलुत्याचा वांटा किती आणि वाद पडल्यास कोणता कागद खरा मानावयाचा, हेच त्यांतले मोठे प्रश्न. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यास निवर्तले, आणि त्यांच्या संग्रहाचें जतन त्यांच्याच नांवच्या संशोधन मंडळानें तेथें केलें. अशा संग्रहांतून हिंडणाऱ्यास तीन प्रश्न पुनःपुन्हां भेटतात : काम कोणीं करावयाचें, त्यास लागणारीं साधनें कोणीं पुरवावयाचीं, आणि ही व्यवस्था कोठें लिहून ठेवावयाची? नेमके हेच तीन प्रश्न गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांसमोर उभे राहिले. त्यांनीं त्यांचीं उत्तरें कशीं शोधलीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हा विषय कारागिरांचा, आम्हां गृहस्थांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. परंतु आज जळगांव-धुळ्याकडील पुष्कळ घरांतील मुलगा किंवा मुलगी पुण्यास वा मुंबईस ह्याच उद्योगांत आहे. ज्यांचीं मुलें त्यांत नाहींत त्यांचेंहि बँकेंतील खातें, रेल्वेचें तिकीट आणि शिधावाटप दुकानांतील धान्य ह्या आज्ञावलींच्याच हातीं आहे. ज्या कारभाराखालीं आपण राहतों त्याची घडण थोडीबहुत जाणणें, हें सुशिक्षित घरास शोभण्यासारखेंच आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊं. मोठी आज्ञावली म्हणजे हुकुमांची एकच लांबलचक यादी नव्हे. तिचे लहान लहान घटक पाडलेले असतात. कारागीर त्यांस ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. प्रत्येक घटकाकडे एक काम नेमून दिलेलें असतें. एखाद्या पतपेढीची आज्ञावली घ्या. एक घटक व्याजाची आकारणी करितो, दुसरा खातेवही राखतो, तिसरा पावती छापतो. आकारणी करणाऱ्यास खातेवही लागते. पावती छापणाऱ्यासहि ती लागते. एका घटकास दुसऱ्याची जी अशी गरज पडते तिला अवलंबन म्हणतात. आतां आकारणी करणाऱ्यानें खातेवही आणावी कोठून? सर्वांत सोपा मार्ग असा कीं, त्यानें ती स्वतःच घडवून घ्यावी. जावा नांवाच्या भाषेंत ‘न्यू’ हा एक शब्द लिहिला कीं नवा घटक उभा राहतो, आणि पुष्कळ दिवस पुष्कळांनीं हाच मार्ग धरला.

वरवर पाहतां ह्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. परंतु काम वाढलें म्हणजे तीन अडचणी डोकें वर काढतात. पेढीनें खातीं ठेवण्याचें ठिकाण बदललें, तर व्याजाचा नियम तसाच असूनहि आकारणीच्या घटकांत हात घालावा लागतो. दुसरें, दहा घटकांनीं आपापली खातेवही उघडली तर खरी कोणती हें कळेनासें होतें. तिसरी अडचण परीक्षेची. हिशेब बिनचूक आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं लुटुपुटीची वही पुढें ठेवून पारख करावी म्हटलें, तर ती सोय उरत नाहीं. कारण घटक आपली वही पोटांतच घेऊन बसलेला असतो.

आमच्या खेड्यांतील जुना कुणबी ह्या घोटाळ्यांत पडत नसे. औत मोडलें तर तो स्वतः सुतार बनत नसे, आणि सुतार हुडकीत गांवोगांव फिरतहि नसे. सुतार गांवानें नेमलेला असे, तो सर्वांचा एकच असे, आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्याचें बलुतें ठरलेलें असे. कुणब्यास एवढेंच माहीत असावें लागे कीं, औत नीट होऊन येईल. सुतार कोणतीं हत्यारें वापरतो, लांकूड कोठून आणतो, हा त्याच्या शेतीच्या विद्येचा भाग नव्हता. ह्या उपमेस एक मोठी मर्यादा आहे आणि ती मी पुढें सांगणारच आहें; तूर्त एवढें ध्यानांत असूं द्यावें कीं, ज्यास साधन लागतें त्यानें तें घडवूं नये, नेमणाऱ्यानें तें त्याच्या हातीं द्यावें.

हा विचार पंडितांनीं हळूहळू मांडला. १९८८ सालीं राल्फ जॉन्सन व ब्रायन फूट ह्या दोघांनीं एका निबंधांत दाखविलें कीं, कांहीं रचनांत नियंत्रणाची दिशाच उलट होते : आपण लिहिलेली आज्ञावली चौकटीस बोलावीत नाहीं, तर चौकटच तिला योग्य वेळीं बोलाविते. चित्रपटाच्या धंद्यांत उमेदवार नटांस जें उत्तर मिळतें म्हणतात, कीं ‘तुम्हीं आम्हांस बोलावूं नका, लागल्यास आम्हींच बोलावूं’, त्यावरून ह्या तत्त्वास हॉलिवूडचें तत्त्व असें गंमतीचें नांव पडलें. १९९६ सालीं रॉबर्ट मार्टिन ह्यांनीं त्यास सूत्राचें रूप दिलें. त्याचा मथितार्थ असा कीं, वरच्या दर्जाच्या धोरणानें खालच्या तपशिलावर अवलंबूं नये. दोघांनींहि ठरलेल्या करारावर अवलंबावें.

त्याच सुमारास, म्हणजे १९९५ सालीं, सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीनें जावा भाषा प्रसिद्ध केली. जावा हें कॉफीचें नांव. म्हणून १९९७ सालीं त्या भाषेच्या पुढील आवृत्तीबरोबर जे ठराविक घडणीचे घटक आले त्यांस ‘बीन’, म्हणजे कॉफीचा दाणा, असें नांव मिळालें. १९९८ सालीं मोठ्या व्यापारी कामांसाठीं ‘एन्टरप्राइझ जावाबीन्स’ ही पद्धति निघाली. तिचा हेतु उत्तम होता. पैशाचा व्यवहार पुरा तरी व्हावा नाहीं तर मुळींच होऊं नये, अनेक गिऱ्हाइकें एकदम आलीं तरी गोंधळ होऊं नये, ही सर्व काळजी घटकानें न वाहतां ‘कंटेनर’नें वाहावी, अशी योजना होती. कंटेनर म्हणजे घटकांस जन्म देणारा, संभाळणारा व शेवटीं निरोप देणारा कारभारी.

परंतु हा कारभारी मोठा मानी निघाला. त्याच्या पदरीं राहावयाचें तर घटकास त्याचा पोशाख घालावा लागे. एका लहानशा कामासाठीं तीन तीन फायली आणि शिवाय एक वर्णनपत्र लिहावें लागे. निजविण्याचे, उठविण्याचे, काढून टाकण्याचे ठराविक विधि प्रत्येक घटकांत असावे लागत, मग त्यांचा उपयोग असो वा नसो. इतकें करूनहि आपला सोबती घटक बहुधा स्वतःच नामसूचींत हुडकावा लागे. कारभाऱ्यावांचून अशा घटकाची परीक्षा घेणें जवळजवळ अशक्यच. सप्टेंबर २००० मध्यें मार्टिन फाउलर व त्यांचे दोन सहकारी ह्यांनीं साध्या, कोणाचाहि पोशाख न घातलेल्या घटकास मुद्दाम एक ऐटदार नांव दिलें : ‘पोजो’, म्हणजे साधा जुना जावा ऑब्जेक्ट. साध्या वस्तूस भारदस्त नांव नसल्यामुळेंच लोक ती वापरीत नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. शाळेंत आयुष्य गेलेल्या माणसास ह्या निदानांत तथ्य दिसल्यावांचून राहत नाहीं.

पुढचें पाऊल रॉड जॉन्सन ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थानें टाकलें. ह्यांची डॉक्टरेट संगणकशास्त्राची नसून संगीतशास्त्राची आहे. २००२ सालीं त्यांनीं त्या जड पद्धतीची चिकित्सा करणारा ग्रंथ लिहिला आणि त्याबरोबर सुमारें तीस हजार ओळींची आज्ञावली जोडली. नुसती टीका करून न थांबतां पर्याय बांधून दाखविला, हें विशेष. यूर्गन होलर व यान कॅरॉफ ह्या दोघांनीं ही आज्ञावली सर्वांस खुली करण्याचा आग्रह धरला. कॅरॉफ ह्यांनीं तिला ‘स्प्रिंग’, म्हणजे वसंत, हें नांव सुचविलें. जुन्या पद्धतीच्या हिवाळ्यानंतर नवा ऋतु, असा त्यांतला भाव. जून २००३ मध्यें ती प्रथम लोकांपुढें आली आणि मार्च २००४ मध्यें तिची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. त्याच वर्षीं जानेवारींत फाउलर ह्यांनीं एक लेख लिहून ह्या सर्व प्रकारास ‘डिपेन्डन्सी इंजेक्शन’ हें नांव रूढ केलें. आपण त्यास अवलंबनाचा पुरवठा म्हणूं : घटकानें मागावयाचें नाहीं, कारभाऱ्यानें आणून द्यावयाचें.

स्प्रिंगची खरी नवलाई तिच्या वहींत आहे. एका निराळ्या फायलींत, एक्सएमएल नांवाच्या लिखाणाच्या पद्धतींत, प्रत्येक घटकाची नोंद करावयाची : त्याचें नांव काय, तो कोणत्या साच्यांतला, त्यास कोणकोणते घटक पुरवावयाचे, आणि तो सर्वांस मिळून एकच ठेवावयाचा कीं मागेल त्यास नवा घडवावयाचा. ह्या नोंदी केलेल्या घटकासच स्प्रिंगमध्यें ‘बीन’ म्हणतात. येथें एक भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. नोंद म्हणजे घटक नव्हे. नोंद म्हणजे तो घटक कसा घडवावा ह्याची कृति. आज्ञावली सुरू होतांच कारभारी प्रथम सर्व नोंदी वाचतो. नंतर ज्यास दुसऱ्याची गरज आहे त्याच्या आधीं त्या दुसऱ्यास उभें करितो. मग एकास दुसऱ्याच्या हवालीं करितो. आणि काम संपल्यावर आवराआवर करण्याची संधि देऊन प्रत्येकास निरोप देतो. एखादी आवश्यक नोंदच नसेल, तर बहुधा आरंभींच तो काम थांबवून ओरड करितो. दुकान उघडल्यावर गिऱ्हाइकासमोर फजिती होण्यापेक्षां उघडण्याआधींच किल्ली हरवल्याचें कळलें तर बरें, तसेंच हें आहे.

आणि घटकास ह्यांतलें कांहींएक ठाऊक असावें लागत नाहीं. आकारणी करणारा एवढेंच जाहीर करितो कीं, मला खातेवही लागेल. ती पेढीची खरी वही आहे कीं परीक्षेसाठीं केलेली लुटुपुटीची, ह्याची तो चौकशी करीत नाहीं. कारभारी बदलला तरी घटक तोच राहतो. जुन्या पद्धतींत घटक कारभाऱ्याचा सेवक होता. येथें कारभारी घटकांचा सेवक झाला. ह्या विचाराचा प्रभाव इतका कीं, २००६ सालीं ती जुनी पद्धतिच आपल्या नव्या आवृत्तींत साध्या घटकांकडे वळली.

परंतु इतिहास एका विजयापाशीं थांबत नसतो. वही जसजशी वाढली तसतशी ती शेंकडों, हजारों ओळींची झाली आणि लोक तिला कंटाळले. २००४ सालीं जावा भाषेंत घटकाच्या अंगावरच चिठी लावण्याची सोय झाली होती. तिचा उपयोग करून मार्च २००७ मध्यें गूगल कंपनीनें ‘ग्यूस’ नांवाची वहीविरहित पद्धति काढली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत स्प्रिंगनेंहि चिठ्या पूर्णपणें स्वीकारल्या. आतां वहींत नोंद करण्याऐवजीं घटकाच्या माथ्यावरच ‘मी नेमलेला आहें’ अशी चिठी असे, आणि कारभारी सर्व गांव धुंडाळून अशा चिठ्या गोळा करी. २००९ सालीं तिसरी रीति आली : वही राहिली, पण ती खुद्द जावा भाषेंतच लिहावयाची, म्हणजे लिहिण्यांतली चूक भाषेच्या तपासनिसाच्या लगेच नजरेस येते. २०१४ सालीं ‘स्प्रिंग बूट’ निघाली. तींत कारभारी सामानावरूनच अंदाज बांधतो : अमुक साहित्य घरांत आहे, त्या अर्थीं अमुक घटक हवाच असणार, असें म्हणून तो न सांगतांच त्याची नेमणूक करितो.

प्रत्येक पायरीनें कष्ट वांचले. परंतु प्रत्येक पायरीस नेमणूक डोळ्यांआडहि होत गेली. पूर्वीं सर्व व्यवस्था एका वहींत वाचतां येत असे. पुढें ती हजार माथ्यांवर विखुरली, आणि शेवटीं अंशतः अंदाजांत गेली. त्यांतून उद्भवणारे तंटे थेट आमच्या वतनी तंट्यांसारखे आहेत. एकाच कामास दोन लायक घटक सांपडले तर कोणास नेमावें? अशा वेळीं प्रमुख कोण हें सांगितलें नाहीं, वा नांव घेऊन निवड केली नाहीं, तर कारभारी काम अडवून धरितो, आणि तें योग्यच आहे. एकाच नांवाच्या दोन नोंदी झाल्या तर? पूर्वीं मागून आलेली नोंद आधींच्या नोंदीस मुकाट्यानें गिळून टाकी; २०१८ पासून स्प्रिंग बूटमध्यें मुद्दाम परवानगी दिल्यावांचून असें होत नाहीं. दोन घटक परस्परांवाचून उभेच राहूं शकत नसतील तर? अशा चक्रासहि २०२१ पासून तेथें, विशेष मोकळीक दिली नसल्यास, मज्जाव आहे. ह्या तिन्ही निर्णयांतलें सूत्र एकच : शंका असेल तेथें कारभाऱ्यानें मनानें न ठरवितां धन्यास विचारावें.

आतां आपण खानदेशाकडे वळूं, कारण ह्या सर्व चर्चेचें मोल तेथें प्रत्यक्ष दिसतें. शहादें तालुक्यांतील टेंभली हें आदिवासी वस्तीचें लहान गांव. हा मुलूख १ जुलै १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होता. पुढें नंदुरबार जिल्हा निराळा झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांच्या उपस्थितींत ह्याच गांवीं देशांतील पहिले आधार-क्रमांक देण्यांत आले. एप्रिल २०१६ पर्यंत ही संख्या शंभर कोटींवर गेली. ह्या यंत्रणेच्या रचनाकारांनीं तिच्याविषयीं जी माहिती जाहीर केली तींत गाभ्याचा कंटेनर म्हणून स्प्रिंगचाच उल्लेख आहे. शिवाय अवलंबनाचें तत्त्व तेथें फार मोठ्या प्रमाणावर योजिलें गेलें. एकाच माणसाची दोनदां नोंद होऊं नये म्हणून बोटांचे ठसे व बुबुळें ताडून पाहण्याचें काम आरंभीं एका कंपनीकडे न सोंपवितां तिघांकडे देण्यांत आलें, आणि तिघांसहि एकच करार लावण्यांत आला. कोणाचें यंत्र आंतून कसें चालतें, हें बाकीच्या यंत्रणेस ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. एक पुरवठादार गेला तरी गाडें अडूं नये, अशी ती तजवीज होती.

परंतु टेंभलीच्या, किंवा आपल्या कोणत्याहि गांवच्या, शिधापत्रिकेवर जगणाऱ्या बाईच्या दृष्टीनें पाहा. उन्हातान्हांत राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र ‘जुळत नाहीं’ म्हणतें. आणि धान्य समोर असून हातीं येत नाहीं. नकार कोणीं दिला? दुकानदार यंत्राकडे बोट दाखवितो. यंत्राच्या मागें एक आज्ञावली, तींत शेंकडों घटक, आणि प्रत्येकाची कोणींतरी कोठेंतरी केलेली नेमणूक! २६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आधारचा कायदा बहुतांशीं ग्राह्य ठरविला. तथापि पडताळणी फसली एवढ्याच कारणानें पात्र माणसास लाभ नाकारला जाऊं नये, हेंहि त्या निकालांत नमूद झालें. तें अमलांत यावयाचें तर नकाराचा माग काढतां आला पाहिजे. आणि कोणता घटक कोणत्या नोंदीवरून कामास लागला, हें वाचतां येणें ही त्याची पहिली पायरी आहे.

येथेंच बलुत्याच्या उपमेची मर्यादा सांगितली पाहिजे. बलुतेदारींत पुरवठ्याची सोय होती, परंतु नेमणूक जन्मानें होत असे. सुताराचा मुलगा सुतार, आणि महाराच्या माथीं गांवकीचें राबणें, मग त्याची इच्छा असो वा नसो. तेथेंहि कागद होते. परंतु त्यांतील नोंद बदलण्याचा अधिकार ज्याच्याविषयीं ती होती त्यास नव्हता. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें तें ह्याच बेडीविरुद्ध. आणि कनिष्ठ गांव-वतनें रद्द करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावें लागलें. म्हणजे नुसती व्यवस्था असणें पुरेसें नाहीं, आणि ती लिहिलेली असणेंहि पुरेसें नाहीं. ती लिहिलेली नोंद उघडी असावी, ज्यास ती लागू पडते त्यास समजावून घेतां यावी, आणि अन्याय दिसल्यास बदलतां यावी. आज्ञावलीच्या वहीची थोरवी इतकीच कीं, तींतला कोणताहि घटक जन्मानें बांधलेला नाहीं. एक ओळ बदलली कीं नेमणूक बदलते.

आपल्या जिल्ह्यांतील कॉलेजांतून ह्या विद्येचे विद्यार्थी दरवर्षीं बाहेर पडतात. त्यांस मी इतकेंच सांगेन कीं, चिठी लावून कारभाऱ्यावर हवाला ठेवणें सोपें आहे आणि पुष्कळ वेळां तें रास्तहि आहे. परंतु आपण उभारलेल्या कामांत कोण कोणाच्या भरंवशावर उभा आहे, हें कागदावर मांडून दाखवितां येत नसेल तर तें काम पुरें झालें असें समजूं नये. कारभार सुरळीत चालतो तोंपर्यंत वहीची आठवण कोणास होत नाहीं. तो बिघडतो त्या दिवशीं मात्र फिर्यादी दारीं येतो आणि विचारतो कीं, माझ्यासंबंधीं तुमच्या वहींत काय लिहिलें आहे? त्या वेळीं ती उघडून त्याच्यासमोर ठेवतां आली पाहिजे.